पेटी बदलली, तरी गाडी मुकीच

मोटारगाडीच्या दुरुस्तीवर कौटुंबिक मासिकात काय लिहायचे, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, बालाघाटसारख्या ठिकाणी मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. परंतु मोठे दुखणे, मुलांचे शिक्षण आणि सोयरीक ह्यांचा रस्ता अजूनही गोंदिया-नागपूरकडेच जातो. अपरात्री आजाऱ्यास चाळीसेक किलोमीटरवरील गोंदियाला न्यायचे झाले, तर दारची गाडी चालू व्हावी लागते. आणि तिचे चालू होणे अलीकडे एका बंद पेटीच्या मर्जीवर असते. तिचे नाव घरात कोणास ठाऊक नसते. ती बिघडली की बिल मात्र पाच आकडी येते.

अँबॅसडर आणि पद्मिनी ह्या गाड्यांच्या काळी मिस्त्रीचे कान हेच त्याचे यंत्र होते. इंजिनाचा आवाज ऐकून तो रोग सांगे, पॉइंटमधील फट पात्याने मोजी, कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुई आणि संध्याकाळपर्यंत गाडी परत देई. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हाही ह्यात फारसा फरक पडला नाही, कारण कार्बोरेटर तिच्यातही होता. खरा बदल घडविला तो धुराच्या नियमांनी. २००० सालापासून हे नियम कडक होत गेले, तसा कार्बोरेटर हद्दपार झाला आणि पेट्रोल केव्हा व किती फवारायचे हे ठरविणारा लहानसा संगणक इंजिनाशेजारी येऊन बसला. १ एप्रिल २०२० रोजी तर देशाने भारत स्टेज चारवरून, पाच गाळून, थेट सहावर उडी घेतली. त्या दिवसापासून साध्या मोटारसायकलीतही हा संगणक शिरला. तत्पूर्वी, २०१९ साली, एबीएस ब्रेक आणि चालकापुढील एअरबॅग स्वस्तातील मोटारींनाही सक्तीची झाली होती. प्रत्येक सोयीबरोबर तिची स्वतंत्र पेटी आली. महागड्या गाडीत ह्या पेट्यांची संख्या शंभराच्या घरात जाते.

ह्या पेट्या एकमेकींशी बोलतात कशा, ते समजून घेण्यासारखे आहे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ‘कॅन’ नावाची पद्धत आज बहुतेक गाड्यांत आहे. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा गाडीभर फिरतात आणि सर्व पेट्या त्यांवर टांगलेल्या असतात. वाड्याच्या चौकात कोणी मोठ्याने काही विचारले की ते साऱ्या बिऱ्हाडांना ऐकू जाते, पण ज्याचे काम असेल तोच ओ देतो. हा कारभार तसाच आहे. (ह्या तारा तांब्याच्या असतात. देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण आमच्याच जिल्ह्यात, मलाजखंडला आहे. तांबे येथून निघते, पण तांब्याच्या तारेत काय बोलणे चालले आहे ते ऐकण्याची सोय येथे क्वचितच सापडते, हा योग मोठा विचित्र खरा!)

आता एक घडलेली हकीकत सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका स्नेह्यांची आठ वर्षांची गाडी वैनगंगेच्या पुलापलीकडे बंद पडली. ओढून नेल्यावर परगावच्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावला. पडद्यावर ‘यू ०१००’ असा संकेत उमटला. त्याचा अर्थ, इंजिनाच्या पेटीशी संपर्क तुटला आहे. तेवढ्यावरून पेटी गेली असे ठरविण्यात आले. नव्या पेटीची किंमत ऐकून चिरंजीवांनी भंगार बाजारातून त्याच क्रमांकाची जुनी पेटी पैदा केली. ती बसविली. स्टार्टर फिरू लागला, किल्लीचे चिन्ह असलेला दिवा लुकलुकू लागला, आणि इंजिन काही धरीना.

ते धरणार कसे? आजच्या किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते. किल्ली घालताच कुलपाभोवतीचे वेटोळे तिचा गुप्त क्रमांक वाचते, आणि तो क्रमांक ओळखीचा असेल तरच पेट्रोल व ठिणगी सोडली जाते. ह्या व्यवस्थेस इमोबिलायझर म्हणतात. भंगारातील पेटीच्या स्मरणात जुन्या धन्याच्या किल्ल्या होत्या, बहुधा त्या गाडीचा चासी नंबरही होता. दुसऱ्याच्या घरचा राखणदार आणून दारात उभा करावा आणि त्याने आपल्यालाच आत सोडू नये, तसा हा प्रकार झाला.

अखेर गाडी येथील एका मिस्त्रीकडे आली. त्याने पेटीला हातच लावला नाही. बॅटरी तपासली, फ्यूज पाहिले, मग पेटीची अर्थची तार जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते तिथवर गेला. पावसाचे पाणी झिरपून तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. तार घासून पुन्हा आवळली, मूळची पेटी जागेवर बसविली, आणि गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. निर्दोष पेटी आठ दिवस आरोपी म्हणून टेबलावर पडून होती.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, ‘पेटी गेली’ हे वाक्य ऐकताच होकार देऊ नये. संपर्क तुटला ह्याचा अर्थ बोलणारा मेला असा होत नाही. त्याला वीज मिळत नसेल, अर्थ सुटली असेल, पावसाळ्यात आसऱ्याला आलेल्या उंदराने वायर कुरतडली असेल. एक परीक्षा तर साध्या मीटरने होते. स्टिअरिंगखाली सोळा टोकांचे एक सॉकेट असते. बॅटरी सोडवून ठेवावी आणि त्यातील सहाव्या व चौदाव्या टोकांमधील रोध मोजावा. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असल्याने, सर्व ठीक असेल तर मीटर ६० च्या आसपास दाखवितो. १२० दाखविले तर एक टोक सुटले आहे. शून्याच्या जवळ आला तर दोन तारा कोठेतरी एकमेकींस चिकटल्या आहेत. काही गाड्यांत ह्या टोकांपुढे आणखी एक पेटी आडवी असते, तेथे मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ह्या तपासणीला दहा मिनिटे पुरतात, आणि ती न करता हजारोंचा माल मागविणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही.

पेटी खरोखरच निकामी झाली असेल, तर ती बदलणे हे काम चार बोल्टांवर संपत नाही, हे दुसरे सांगणे. नवी पेटी कोरी असते. प्रथम तिच्यात त्या इंजिनाचा प्रोग्रॅम भरावा लागतो. मग ह्या विशिष्ट गाडीत काय काय आहे, गिअर हाताचे की आपोआप पडणारे, एअरबॅग दोन की सहा, हे तिला सांगावे लागते. नंतर किल्ल्यांशी ओळख. त्या वेळी घरातील सर्व किल्ल्या बरोबर असाव्यात, कारण न नेलेली किल्ली कित्येक गाड्यांत त्यानंतर परकी ठरते. शेवटी थ्रॉटलची शून्य जागा तिला शिकवावी लागते. प्रोग्रॅम भरताना बॅटरीचा दाब मध्येच पडला तर नवी कोरी पेटी जागच्या जागी दगड होऊन बसते. जाणता कारागीर अशा वेळी गाडीला स्थिर विजेचा पुरवठा जोडून ठेवतो; नुसत्या बॅटरीवर हे काम करणाऱ्याच्या हाती गाडी न देणे बरे. जुन्या पेटीची स्मृती शाबूत असेल तर कुशल माणूस ती उतरवून दुसऱ्या पेटीत घालू शकतो, आणि भंगारातील पेटी त्या मार्गाने उपयोगीही पडते. एअरबॅगच्या बाबतीत मात्र आम्ही काटकसरीच्या विरुद्ध आहोत. अपघातात फुगे उघडल्यावर पेटीची नोंद पुसून तीच परत बसवून देणारे लोक आहेत. जिवाच्या वस्तूवर असला प्रयोग करू नये; कंपनीने सांगितले असेल तर नवीच घ्यावी.

आता प्रश्न उरतो तो येथील मिस्त्रीचा. त्याच्या हातांत कसब आहे, डोक्यात विचार आहे. प्रोग्रॅम आणि गुप्त आकडे मात्र कंपनीच्या तिजोरीत आहेत. ह्याबाबत आपल्या देशात एक महत्त्वाचा निकाल झाला आहे आणि तो फार थोड्या गाडीमालकांस ठाऊक आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा आरोप होता. साधने व माहिती खुली करा, बाहेरच्या कारागिरांच्या शिक्षणाची सोय करा, आणि ग्राहकाने बाहेर काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्याचा आशय आहे. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस त्याच नावाचे संकेतस्थळही उघडले, आणि समितीच्या विषयांत मोटारी होत्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ सालीच ह्या हक्काच्या बाजूने कौल दिला. तेथे छोटा गॅरेजवाला कंपनीचे सॉफ्टवेअर ठराविक मुदतीपुरते पैसे भरून वापरू शकतो. येथल्या मिस्त्रीला तशी सोय सुलभपणे मिळाली, तर तो फुकट काही मागेल असे आम्हांस वाटत नाही.

कंपन्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मात्र नव्हे. किल्लीची गुप्त विद्या वाटेल त्याच्या हाती गेली तर चोरांचे फावेल, आणि इंजिनाचा प्रोग्रॅम मनास येईल तसा बदलून धूर ओकणाऱ्या गाड्याही रस्त्यावर येतील. परंतु ओळख पटवून, नोंद ठेवून परवाना देता येतो. बंदुकीच्या बाबतीत सरकार तेच करते.

तूर्त गाडीमालकाच्या हाती एवढे आहे: स्कॅनरने दाखविलेल्या संकेतांचा कागद मागावा, वीज व अर्थ तपासली काय असे स्पष्ट विचारावे, बिलावर नव्या पेटीचा क्रमांक आणि प्रोग्रॅम भरल्याची नोंद लिहून घ्यावी, आणि काढलेली जुनी पेटी घरी आणावी. आमच्या स्नेह्यांकडे आता अशी एक अनोळखी पेटी माळ्यावर पडून आहे. त्याच बनावटीची गाडी कोणाकडे असल्यास ते ती आनंदाने देतील.