सुळेवाल्याची कंबर

गेल्या महिन्यात माझी कंबर धरली. सकाळी मोजे घालायला वाकले आणि तिथेच फ्रीझ! ना वर, ना खाली. एमआरआय झाला, 'एल-फोर एल-फाइव्ह' हा पत्ता पाठ झाला आणि डॉक्टरांनी दोन आठवडे घरी बसवलं. वय वर्षं 29. आजी फोनवर म्हणाली, "आमच्या वेळी कंबर साठीनंतर दुखायची गं."

ऑफिसातून 'टेक केअर' आलं. दुसऱ्या दिवशी 'प्रेझेंटेशनचं काय?' हेही आलं. आमच्या मीटिंग रूममध्ये एक पोस्टर आहे. झेप घेणारा वाघ आणि खाली ओळ : 'शिकारी बना, नाहीतर शिकार व्हाल.' छताकडे बघत पडले होते, तर डोळ्यांसमोर सारखं तेच.

मग टाइमपास म्हणून नेटवर वाचत सुटले आणि भेटला शिकाऱ्यांचा दादा. स्मायलोडॉन! 2002 सालच्या 'आइस एज' सिनेमातला दिएगो आठवतोय? तोच. लोक त्याला सेबरटूथ टायगर म्हणतात, पण वाघाशी त्याचं जवळचं नातं नाही. मांजरांच्या खानदानातली ही वेगळीच पाती, कधीच संपलेली. वजन साधारण सिंहाइतकं, बांधा मात्र पैलवानाचा. वरचे सुळे मुळासकट मोजले तर 18 सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे तुमच्या शाळेतल्या कंपासमधल्या पट्टीपेक्षाही लांब!

याचा सगळ्यात मोठा साठा सापडला तो चक्क लॉस एंजेलिस शहराच्या मधोमध, विल्शायर बूलेव्हार्डला लागून. जागेचं नाव ला ब्रेया टार पिट्स. स्पॅनिशमध्ये 'ब्रेया' म्हणजेच डांबर. त्यामुळे या नावाचा अर्थ होतो 'डांबर डांबरखड्डे'. आपण 'एटीएम मशीन' म्हणतो ना, तसंच. तिथे हजारो वर्षं जमिनीतून डांबर वर झिरपतंय. खोल नसलं तरी चालतं, चिकट असलं की पुरे. हिमयुगात एखादा घोडा किंवा बायसन त्यात अडकायचा, ओरडायचा. फुकटचं जेवण बघून मांसाहारी धावत यायचे आणि तेही अडकायचे. त्यांच्या वासावर आणखी यायचे. जंगलात खरं तर हरणं ढीगभर आणि वाघ मोजके असा हिशेब असतो. इथे उलटं. सापडलेल्या सस्तन प्राण्यांत सुमारे 90 टक्के मांसाहारी. डायर वुल्फ हे दांडगे लांडगे 4,000 पेक्षा जास्त, स्मायलोडॉन 2,000 पेक्षा जास्त. बुफेला गर्दी होते ती अशी.

आता आपला मुद्दा. एवढी हाडं हाताशी असली की डॉक्टरसारखी ओपीडी चालवता येते. 2017 मध्ये संशोधकांनी तेच केलं. या दोघांची हजारो हाडं तपासून कुठे काय दुखलंखुपलंय ते मोजलं. डायर वुल्फ भक्ष्याचा पाठलाग करायचे, त्यांच्या जखमा मान, डोकं आणि पायांना. स्मायलोडॉन दबा धरून झडप घालायचा आणि आपल्यापेक्षा मोठ्या जनावराला कुस्तीत लोळवायचा. त्याचं दुखणं कुठे? खांदे आणि कंबर! मी उठून बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ला ब्रेयाच्या संग्रहात एका स्मायलोडॉनचं विद्रूप झालेलं कमरेचं हाड आणि मांडीचं हाड आहे. लढाईत मार बसला, जखम चिघळली, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. मग ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या मदतीने त्याचा सीटी स्कॅन झाला. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आला : मार-बिर काही नाही, हिप डिस्प्लेजिया. खुब्याचा सांधा जन्मापासूनच नीट बसलेला नाही. आजही कुत्र्यांमध्ये दिसतो तोच आजार.

थांबा, इथे जरा विचार करा. हे पिल्लू पहिल्या दिवसापासून लंगडत असणार. झडप घालणं, जनावर लोळवणं, इलाका राखणं, सगळंच त्याला जड. पोस्टरच्या हिशेबाने ते कधीच 'शिकार' व्हायला हवं होतं. पण ती हाडं पूर्ण वाढलेल्या प्राण्याची आहेत! म्हणजे इतकी वर्षं त्याला खायला मिळत होतं. संशोधकांचा अंदाज असा, की हे प्राणी कळपाने राहत असावेत आणि बाकीच्यांच्या शिकारीत याचाही घास असावा.

आता याला कुणी शंभर टक्के पुरावा म्हणणार नाही. एकट्यानेच आयत्या मढ्यांवर दिवस काढले असतील, असंही म्हणता येईल. हाडं बोलतात, पण सगळं सांगत नाहीत. तरी एवढं नक्की, की जगातला सगळ्यात डेंजर दिसणारा शिकारीसुद्धा धडधाकट नसताना जगू शकत होता.

त्या दोन आठवड्यांत माझी फ्लॅटमेट रोज ऑफिसला जाण्याआधी माझ्या पलंगाजवळ स्टुलावर पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा चार्जर ठेवून जायची. वाकावं लागू नये म्हणून. एका शब्दाने 'टेक केअर' म्हणाली नाही.

सोमवारी ऑफिसला गेले. पोस्टर जागेवर आहे. मीटिंगमध्ये त्याच्याकडे पाठ करून बसले. डॉक्टरांनी पाठीला नीट टेका द्यायला सांगितलंय ना!