लेंकराची साक्ष व कोर्टाची तागडी

कुणब्याची, सुताराची, कुंभाराची पोर कोर्टांत उभी राहिली म्हणजे तिच्या शब्दाखेरीज बाकी सगळें मोजलें जातें. अंगावरचे वळ, कपड्याचे थर, फिर्यादीला लागलेले दिवस. राहिलें तें तिचें बोलणें.

नागपूरचाच खटला घ्या. २०१६ च्या डिसेंबरांत पेरूचें आमिष दाखवून एका बारा वर्षांच्या मुलीला एका इसमानें घरांत नेलें व तिच्या अंगाशीं झोंबला. पोरीनें सांगितलें, आईनें सांगितलें, खालच्या कोर्टानें खरें मानलें व पोक्सो कायद्याखालीं तीन वर्षांची सजा दिली. २०२१ च्या जानेवारींत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेंही पोरीला खोटी म्हटलें नाहीं. मात्र मध्यें कापड होतें, त्वचेला त्वचा लागली नाहीं, म्हणून पोक्सोचा गुन्हा नव्हे, असा शोध लावून सजा एका वर्षावर आणली! टोपलीवर फडकें होतें, सबब भाकरी चोरीस गेलीच नाहीं, असें म्हणण्यापैकींच हें. त्याच वर्षीं १८ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानें हा अर्थ मोडून काढला. पाहावयाचा तो हेतु, कापड नव्हे, असें बजावलें.

हा रोग जुना आहे. १९७२ सालीं देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. हायकोर्टानें पोलिसांस सजा दिली, १९७८ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यांस सोडलें. कां, तर अंगावर जखम नाहीं, आरडाओरड नाहीं. अहो, रात्रीं ठाण्याच्या आंत पोरीनें हांक मारायची ती कोणाला? पोलिसालाच ना? चार कायदेपंडितांनीं १९७९ सालीं उघडें पत्र लिहिलें, बायाबापड्या रस्त्यावर आल्या, तेव्हां कुठें १९८३ सालीं कायदा बदलला.

आज कायदा पोरीच्या बाजूला पुष्कळ आहे. साक्षीदाराला वयाची अट नाहीं. प्रश्न कळतो व उत्तर देतां येतें, एवढें न्यायाधीशानें पाहावयाचें. पीडितेचा शब्द भरंवशाचा असला तर दुसरा साक्षीदार लागत नाहीं, हें सुप्रीम कोर्टानें १९९६ सालींच सांगितलें. वकिलानें पोरीला थेट प्रश्न विचारावयाचे नाहींत, ते न्यायाधीशामार्फत. तरीही ‘तारीख सांग, वाजले किती तें सांग’ हें चालूच. ती सांगते, बाबा बाजाराला गेले होते त्या दिवशीं. आमच्या घरांत काळ असाच मोजतात, त्यांत खोटें काय आलें?

निरपराध्याला अडकवा, असें आम्ही म्हणत नाहीं. बांधाच्या भांडणांतून काय काय फिर्यादी होतात, तें आम्हांस ठाऊक आहे. साक्ष पढविलेली आहे कीं काय, तें जरूर तपासा. पण तें पोरीच्या बोलण्यावरून तपासा, घड्याळावरून नव्हे.

आतां वयाचा घोळ. अठराच्या आंतलें वय शाबीत झालें तरच पोक्सो लागू. आणि आमच्या गांवांत तर अर्धें गांव १ जूनला जन्मलेलें! मास्तरानें शाळेंत नांव घालतांना टांकलेली ती तारीख. आरोपीचा वकील नेमकी तीच फाडतो. शाळेचा दाखला टिकला नाहीं तर जन्माचा दाखला, तोही नसला तर हाडांची तपासणी. तींत दोन वर्षें इकडे-तिकडे धरतात, व त्या दोन वर्षांचा फायदा बहुधा आरोपीच्या पदरांत. दवाखान्यांत जन्मून कागद घेऊनच घरीं आलेल्या सावकाराच्या लेंकराला ही अडचण नाहीं.

म्हणून बंधुभगिनींनो, मूल घरीं जन्मलें तरी २१ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत नोंद करा. तिला पैसा पडत नाहीं. दाखला पेटींत जपून ठेवा. आणि वेळ आलीच तर पोरीला ठाण्यावर फरफटत नेऊं नका. तिचा जबाब घरीं घ्यावा, होतां होईल तों बाई अधिकाऱ्यानें घ्यावा, अंगावर पोलिसी पोशाख नसावा, असें पोक्सोच्या २४ व्या कलमांत लिहिलें आहे. फौजदार कां-कूं करूं लागला तर हें कलम त्याच्यापुढें वाचून दाखवा.