सामायिक पंचरेषेवरील शब्द कोणाचे?

समूहगानाची स्वरलिपी हा संगीतज्ञांचा विषय आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो मला मान्य नाही. गीत जेव्हा अनेक कंठांसाठी लिहिले जाते, तेव्हा त्याची स्वरलिपी ही त्या गीताची संहिताही असते. कोणत्या कंठाने कोणते अक्षर केव्हा उच्चारावे आणि किती काळ धरावे, हे छापील कविता सांगत नाही, स्वरलिपी सांगते. आज ही संहिता बहुधा संगणकावर तयार होते, आणि त्यामुळे पाठनिश्चितीचे काही निर्णय संपादकाच्या नकळत घेतले जाऊ लागले आहेत. दोन कंठ एकाच पंचरेषेवर बसवणे हा त्यांपैकी एक. त्याचा विचार भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी करावयास हवा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

प्रथम रूढी काय आहे ते पाहू. पाश्चात्त्य पद्धतीच्या वृंदगानात सोप्रानो, आल्टो, टेनर व बास असे चार कंठ असतात. प्रत्येकाला स्वतंत्र पंचरेषा देता येते. किंवा स्त्रियांचे दोन कंठ वरच्या आणि पुरुषांचे दोन कंठ खालच्या पंचरेषेवर, असे चौघांना दोहोंत बसवता येते. दुसऱ्या पद्धतीत वरच्या कंठाच्या स्वरचिन्हांच्या दांड्या वर आणि खालच्याच्या खाली काढतात. दोघे एकाच स्वरावर आले की एका चिन्हाला दोन दांड्या लागतात. आल्टो क्षणभर सोप्रानोच्या वर गेली, तर कोणता स्वर कोणाचा हे केवळ दांडीच्या दिशेवरून कळते. शब्द मात्र सामान्यतः एकदाच, दोन पंचरेषांच्या मधल्या जागेत छापले जातात. चारही कंठ एकाच वेळी एकच अक्षर उच्चारतात, हे त्यात गृहीत धरलेले असते.

या गृहीताचा इतिहास उद्बोधक आहे. योहान सेबास्टियन बाख यांची चौकंठी कोराल भजने त्यांच्या मृत्यूनंतर १७८४ ते १७८७ या काळात लाइप्झिगच्या ब्राइटकोप्फ यांनी चार भागांत प्रसिद्ध केली. तीत चार कंठ दोन पंचरेषांवर आणले होते, आणि भजनांचे शब्द गाळले होते. वाद्यावर दोन हातांनी वाजवणाऱ्याला ही मांडणी सोयीची होती. परंतु ज्या शब्दांसाठी ती स्वररचना झाली, ते शब्दच पुढे पिढ्यान्‌पिढ्या हार्मनीच्या विद्यार्थ्यांना दिसले नाहीत. सामायिक पंचरेषा हे त्याचे एकमेव कारण होते असे मी म्हणत नाही. पण जी मांडणी हातांसाठी सोयीची असते, तीत कंठांच्या भाषेचा विसर पडणे किती सोपे असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आता संगणकाकडे वळू. म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको अथवा लिलिपाँड या प्रणालींत एकाच पंचरेषेवर एकाहून अधिक स्वरधारा स्वतंत्रपणे लिहिण्याची सोय आहे. म्यूझस्कोर व सिबेलियस यांत प्रत्येक पंचरेषेवर अशा चार धारा मिळतात आणि पडद्यावर त्या वेगवेगळ्या रंगांनी ओळखू येतात. दुसरी धारा सुरू केली की पहिलीच्या दांड्या वर व दुसरीच्या खाली आपोआप वळतात. याउलट, आल्टोचा स्वर सोप्रानोच्याच धारेत तिच्या स्वराला जोडूनही लिहिता येतो. मग दोन स्वर एकाच दांडीवर येतात. कानाला फरक कळत नाही आणि लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात, म्हणून हा दुसरा मार्ग सर्रास पत्करला जातो. पण त्या क्षणी दोन गायिका संगणकाच्या लेखी एक होतात. पुढे आल्टोची प्रत वेगळी काढावयाची झाल्यास तिचे स्वर कोणते, हे निश्चितपणे सांगणारे काही उरत नाही. शिवाय शब्द हे धारेतल्या स्वराला जोडलेले असतात; जिला धारा नाही, तिला स्वतःचे शब्दही नाहीत.

जर्मन किंवा इंग्रजी गीतात हे एक वेळ निभावून जाईल. मराठीत ते निभावत नाही, याचा अनुभव मला एका बहुभाषिक विद्यार्थिवृंदासाठी मराठी गीताची प्रत तयार करताना आला. गीतात ‘मन’ हा शब्द होता. सोप्रानोला त्यावर एकेका मात्रेचे दोन स्वर होते, आल्टोला दोन मात्रांचा एक. मी खाली ‘म–न’ असे एकदाच लिहिले आणि निश्चिंत झालो. तालमीत सोप्रानोंनी दुसऱ्या मात्रेवर पूर्ण ‘न’ म्हटला. आल्टोंपैकी काहींनी त्याच क्षणी ‘न्’ म्हणून ओठांतला स्वर मिटवला, काहींनी तो अखेरपर्यंत ताणून मग मिटवला, आणि एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘‘सर, आमच्या शब्दात ‘न’ आहे का?’’ चूक तिची नव्हती, माझ्या प्रतीची होती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर छंदःशास्त्रात आहे. वृत्ताच्या हिशेबी ‘मन’ ही दोन लघू अक्षरे. बोलण्यात तो एकच बंद उच्चार. गाणारा या दोहोंपैकी एकाची निवड करतो, आणि वरील उदाहरणात सोप्रानो पहिल्या पक्षाची व आल्टो दुसऱ्या पक्षाची झाली होती. ‘शब्द’ या शब्दाचेही तसेच. लेखनात तो ‘श’ आणि ‘ब्द’ असा तुटतो, उच्चारात ‘शब्’ आणि ‘द’ असा. म्हणजे शब्द एक असला तरी दोन कंठांचे पाठ दोन आहेत. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, १९३३ ते १९६६ या काळात, संपादकांनी स्वीकृत पाठाखाली पाठभेदांची नोंद पानोपान दिली. आपण मात्र दोन पाठ एका ओळीत मिसळतो आणि त्याची नोंदही ठेवत नाही.

आपल्या परंपरेत याबाबत अधिक सावधपणा होता. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वर वर आणि अक्षर त्याखाली मांडलेले असते; स्वर लांबला तर आडवी रेघ, अक्षराचा उच्चार लांबला तर अवग्रह. स्वराचा काळ आणि अक्षराचा काळ या दोन गोष्टी आहेत, हे त्यात डोळ्यांना दिसते. ती पद्धती एका कंठाची आहे हे खरे. परंतु ईशान्येकडे, खासी व मिझो वृंदांत, वेल्श मिशनऱ्यांबरोबर आलेली टॉनिक सोल-फा पद्धती अनेक कंठांची आहे, आणि तीत प्रत्येक कंठाला आपापली ओळ मिळते. पाच रेषांवाचून चालणाऱ्या त्या पद्धतीने कंठाचे स्वतंत्र अस्तित्व जपले, ही बाब लक्षणीय आहे.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. चार स्वतंत्र पंचरेषांनी पाने वाढतात, गाताना ती वारंवार उलटावी लागतात, आणि वृंदसंचालकाला स्वरसंवाद एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. गोव्याच्या मांडोसारख्या गीतात, जेथे दोन कंठ बहुशः समांतर चालतात आणि अक्षरे एकत्रच उच्चारतात, तेथे सामायिक पंचरेषा हीच स्वाभाविक मांडणी ठरेल. हे मला मान्य आहे. माझा आक्षेप सामायिक छपाईला नाही, सामायिक साठवणीला आहे. शिळाप्रेसच्या काळात जे छापले तेच साठवले जात असे. संगणकाने या दोन गोष्टी प्रथमच वेगळ्या केल्या. त्या सवलतीचा लाभ न घेणे हा आळस होय.

म्हणून भारतीय भाषांतील वृंदगीतांच्या प्रती सिद्ध करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत असे मला वाटते. पंचरेषा सामायिक असली तरी प्रत्येक कंठाची धारा स्वतंत्र लिहावी. शब्द प्रत्येक धारेला स्वतंत्रपणे जोडावेत. ते सर्वस्वी जुळत असतील तर छापताना एकदाच दाखवावेत. न जुळतील तेथे वरच्या कंठाचे पंचरेषेच्या वर आणि खालच्याचे खाली छापावेत, आणि भेद वारंवार येऊ लागले की निःसंकोचपणे स्वतंत्र पंचरेषा घ्याव्यात. अंत्य अकार उच्चारावयाचा नसेल तर हलन्त चिन्ह द्यावे, भले ते शुद्धलेखनाच्या नियमात न बसो. लांबवलेल्या अक्षरासाठी अवग्रहाचा विचार व्हावा.

शेवटची गोष्ट जतनाची. फिनाले या दीर्घकाळ वापरात असलेल्या प्रणालीचा विकास तिच्या निर्मात्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये थांबवला. ज्यांनी आपले काम केवळ तिच्याच स्वरूपात ठेवले होते, त्यांना ते इतरत्र हलवण्याची चिंता लागली. म्यूझिकएक्सएमएलसारख्या खुल्या स्वरूपात एक प्रत ठेवल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. परंतु खुल्या स्वरूपातही आपण भरले असेल तेवढेच टिकते. आल्टोचे शब्द आपण लिहिलेच नसतील, तर कोणतीही प्रणाली ते उद्याच्या अभ्यासकाला देऊ शकणार नाही. त्या विद्यार्थिनीच्या प्रतीत मी आता ‘मन्’ असे लिहिले आहे, आणि ‘न्’ कोठे मिटवावयाचा तेही.