काळोख चालेल, कारण द्या

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका संपून इतकी वर्षं झाली, तरी तिच्या चाहत्यांना झोडपण्याचा ठरलेला साचा काही बदललेला नाही. ही मंडळी लाडावलेली आहेत, यांना शेवटी राजपुत्राचा राज्याभिषेक आणि राजकन्येचं लग्न हवं होतं, लेखकांनी कडू सत्य समोर ठेवलं ते यांच्या घशाखाली उतरलं नाही, म्हणून ही आदळआपट. हे बोलणारा आपण फार प्रगल्भ असल्याच्या थाटात बोलतो. आपल्याला शोकान्तिका कळते, बाकीच्यांना परीकथा हव्यात, असा त्याचा सूर असतो.

हा आरोप टिकत नाही, आणि तो खोडायला मालिकेचा इतिहास पुरेसा आहे. 2011 मध्ये एचबीओने पहिला सीझन दाखवला, तेव्हा भित्तिपत्रकांवर शॉन बीन सिंहासनावर बसलेला होता. नवव्या भागात त्याचंच, म्हणजे नेड स्टार्कचं, मुंडकं उडवलं गेलं. नायक गेला आणि मालिका चालू राहिली. 2013 मध्ये तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात नेडचा मुलगा रॉब, त्याची गरोदर बायको आणि त्याची आई लग्नाच्या पंगतीत कापली गेली. लोक हादरले, रडले, काहींनी शिव्याही घातल्या, आणि पुढच्या वर्षी त्याहून जास्त लोक मालिकेला चिकटले. ज्यांना गोड शेवट हवा होता ते तेव्हाच उठून गेले असते. 2019 पर्यंत जे उरले ते काळोखाला सरावलेले प्रेक्षक होते. त्यांनाच ‘तुम्हाला काळोख झेपत नाही’ असं सांगणं म्हणजे शुद्ध उफराटेपणा आहे.

मग बिनसलं कुठे? नेडचा मृत्यू पुन्हा पाहा. राणी सर्सीची मुलं राजाची नाहीत हे त्याला कळतं, आणि त्या मुलांचा जीव वाचावा म्हणून तो आधी सर्सीलाच जाऊन ते सांगतो. त्याचा चांगुलपणाच त्याला सुळावर नेतो. रॉब फ्रे घराण्याला दिलेला शब्द मोडून प्रेमविवाह करतो, न्यायाच्या हट्टापायी कारस्टार्कचं डोकं उडवतो आणि निम्मं सैन्य गमावून बसतो. म्हणून त्याला पुन्हा त्याच फ्रेच्या दारात जावं लागतं. यजमानाने पाहुण्यांना कापून काढणं ही कल्पनाही हवेतली नाही. स्कॉटलंडच्या इतिहासातल्या 1440 च्या आणि 1692 च्या अशाच दोन घटनांवरून ती सुचल्याचं मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी सांगितलेलं आहे. प्रत्येक मरणामागे कुणाची तरी निवड होती. प्रेक्षकाला धक्का बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी विचार करताना वाटायचं, हे तर होणारच होतं. आपल्याला हे नवीन नाही. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांच्या कत्तली करतो, त्याहून काळं काही लिहून दाखवा. पण त्यामागे द्रोणांचा मृत्यू आहे आणि त्या मृत्यूमागे धर्मराजाचं अर्धसत्य. व्यासांनी हिशेबातली एक ओळही गाळलेली नाही.

आता दोन आगी शेजारी शेजारी ठेवू. माझा सगळा पक्ष या तुलनेवर उभा आहे.

पहिली आग सर्सीची. जून 2016, सहाव्या सीझनचा शेवटचा भाग. जंगली आगीचा साठा पेटवून ती बेलॉरचं मंदिर उडवून देते. धर्मगुरू, सून, सुनेचा बाप आणि भाऊ, स्वतःचा काका आणि न्यायनिवाडा पाहायला जमलेले सगळे लोक जळून मरतात. तिचा कोवळा मुलगा खिडकीतून उडी घेतो. मालिकेतल्या सर्वांत क्रूर घटनांपैकी ही एक. ती मार्टिन यांच्या छापील पुस्तकांच्या पुढची, तरी चाहत्यांनी हा भाग डोक्यावर घेतला. का? त्या आगीचं इंधन चार सीझन साठत होतं. दुसऱ्या सीझनमध्ये आपण ती हिरवी आग खाडीत पाहिली. तिसऱ्यात सर्सीच्या भावाने, जेमीने, न्हाणीघरात ब्रिएनला सांगितलं, की वेड्या राजाने शहराखाली तिचे साठे पेरून ठेवले होते. पाचव्यात सर्सीला नागवं करून रस्त्यातून चालवलं गेलं. सहाव्यात तिच्या हातात काहीच उरलं नाही, तेव्हा तिने तेच केलं जे ती करणारच होती. रामिन जवादी यांनी त्या प्रसंगाला पियानो वापरला, या मालिकेत प्रथमच, आणि पहिल्या सुरापासून प्रेक्षक सावरून बसला.

दुसरी आग ड्रॅगन बाळगणाऱ्या, सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसची. 12 मे 2019. शहर शरण आलं आहे, घंटा वाजत आहेत, तिची शत्रू समोरच्या किल्ल्याच्या खिडकीत उभी आहे. आणि डेनेरिस किल्ला सोडून गल्लीबोळ जाळत सुटते.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत चांगला मुद्दा येतो, तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात, खुणा पहिल्यापासून होत्या. तिने पहिल्याच सीझनमध्ये एका बाईला चितेवर बांधून जाळलं, मीरीनच्या 163 धनिकांना खांबांवर ठोकलं, सातव्या सीझनमध्ये टार्ली बापलेकाला ड्रॅगनकडून भाजून काढलं. तुम्ही टाळ्या वाजवत होता म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही.

दिसलं होतं. पण खूण म्हणजे कारण नव्हे. वरच्या प्रत्येक क्रौर्याला पत्ता आहे. चितेवरच्या बाईने तिच्या नवऱ्याचा आणि मुलाचा घास घेतला असं ती मानत होती, धनिकांनी तेवढीच गुलाम मुलं खांबांवर ठोकली होती, टार्लींनी गुडघे टेकायला नकार दिला होता. तिची सूडबुद्धी भयंकर होती, तरी आंधळी कधीच नव्हती. गुलामांना मोकळं करणं हाच जिच्या सात सीझनच्या आयुष्याचा अर्थ, ती बाई निर्धन माणसांवर आग ओतते, तर त्या दोन टोकांच्या मधली वाट आम्हाला चालून दाखवायला नको? शेवटच्या भागांत कारणांची रास घाईघाईने घातली गेली. एक ड्रॅगन मेला, मैत्रीण मेली, सल्लागार फितूर झाला, प्रियकर दूर सरकला. एकेक कारण वजनदार आहे. पण तिसऱ्या दिवशी वेड लागावं म्हणून आदल्या दोन दिवसांत दुःखाचे हप्ते वसूल करावेत, तसं ते वाटलं. ती अखेरीस शहर जाळते याबद्दल माझी तक्रार नाही. तो शेवट चांगला आहे, कदाचित थोर होऊ शकला असता.

आणि घसरण आठव्या सीझनमध्ये सुरू झाली हेही मला मान्य नाही. ती सर्सीच्या आगीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. त्या मंदिरामागे हजारो श्रद्धाळू होते. राणीला रस्त्यावर चिखल मारणारा जमाव होता, हातात सोटे घेतलेले संन्यासी होते. त्यांचं सर्वांत पवित्र स्थान, धर्मगुरूसकट, राणीनेच उडवलं. सातव्या सीझनमध्ये त्यावर शहरातून ब्रही निघत नाही. ना दंगल, ना बहिष्कार, ना एखादा वेडा सुरा घेऊन धावलेला. चुकीचं लग्न केलं म्हणून जिथे राजा मेला, तिथे देव जाळला तरी चालतं! मालिकेचा कणा त्या दिवशी मोडला. भव्य लढायांमुळे पुढे दोन सीझन तो झाकून गेला इतकंच.

त्याच्याही आधी भेगा होत्या. मे 2015 मध्ये नेडच्या मुलीचं, सान्साचं, लग्न रॅम्झी बोल्टनशी लावून पहिल्या रात्रीचा बलात्कार दाखवला गेला, तेव्हा क्लेअर मॅककॅस्किल या अमेरिकी सिनेटरसकट अनेकांनी मालिका सोडल्याचं जाहीर केलं. तेव्हाही हेच ऐकवलं गेलं, की मध्ययुग असंच होतं, तुम्ही नाजूक आहात. मध्ययुगाचं राहू द्या. पुस्तकात रॅम्झीच्या पदरी पडते ती जेन पूल नावाची दुसरीच मुलगी, सान्सा तिकडे फिरकतही नाही. मालिकेने तिला तिथे नेलं आणि नेणारा कोण, तर लिटलफिंगर. ज्याचा धंदाच दुसऱ्यांची गुपितं जमवण्याचा, त्याला रॅम्झी कसला माणूस आहे हे ठाऊक नव्हतं म्हणे. पात्राला एका प्रसंगापुरतं मूर्ख केल्याशिवाय जो काळोख जमत नाही, तो उसना काळोख. पुढे हीच युक्ती टिरियनवर, व्हॅरिसवर, सगळ्यांवर चालवली गेली.

शिरीनचं जळणं याहून गुंतागुंतीचं आहे. तीन आठवड्यांनी सिंहासनाचा दावेदार स्टॅनिस आपल्या या लेकीला चितेवर चढवतो. ती कल्पना मार्टिन यांच्याकडूनच आल्याचं निर्मात्यांनी सांगितलं आहे, आणि स्टॅनिसमध्ये ते बीज आहेच. माणसं जाळत जाळत तो इथवर आला होता. त्या दृश्यावर चिडलेल्यांशी मी पूर्ण सहमत नाही. पण तो तिथे पोचतो कसा? रॅम्झी वीस माणसं घेऊन येतो आणि राज्यातल्या सर्वांत कसलेल्या सेनापतीची रसद एका रात्रीत जाळून जातो. वीस! ज्याने तरुणपणी वेढ्यात अडकून उंदीर खाऊन किल्ला लढवला, त्याच्या छावणीला पहारा नाही. शोकान्तिकेचा दगड योग्य होता, तो बसवायचा चुना पातळ निघाला.

आता ‘पुस्तकं संपली, बिचारे लेखक काय करतील’ ही सबब. पाचवा खंड जुलै 2011 मध्ये आला, सहाव्याची वाट जग अजून पाहत आहे. पण सान्साची ही फरफट आणि डॉर्नचा तो हास्यास्पद पसारा झाला, तेव्हा त्या कथानकांची पुस्तकं छापून तयार होती. उलट पहिल्या सीझनमधलं रॉबर्ट आणि सर्सीचं मोडलेल्या संसाराविषयीचं शांत बोलणं किंवा दुसऱ्यातले आर्या आणि टायविनचे प्रसंग पुस्तकात नाहीत, ते या लेखकांनीच लिहिले आणि ते अप्रतिम आहेत. म्हणजे पुस्तक हाताशी असताना त्यांनी बिघडवलं आणि पुस्तकाबाहेर जाऊन घडवलंही. दोष पुस्तकाच्या अभावाचा नाही.

दोष घाईचा आहे, आणि ती घाई लादलेली नव्हती. पहिले सहा सीझन प्रत्येकी दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आठवा सहांचा. एचबीओची आणखी भाग द्यायची तयारी होती. थांबायचं ठरवलं ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी. ज्या मालिकेत एका माणसाला उत्तरेहून राजधानीला यायला अर्धा सीझन लागायचा, तिथे सातव्या सीझनमध्ये भिंतीपलीकडून धावत निरोप जातो, पक्षी उडतो आणि ड्रॅगन वेळेवर हजर. आठव्या सीझनच्या चौथ्या भागात लपलेल्या आरमाराने ड्रॅगन मारला. त्याचं स्पष्टीकरण देताना बेनिऑफ म्हणाले, की डेनेरिस ते आरमार जणू विसरूनच गेली होती. त्याच भागात, त्याच आरमाराचं नाव तिच्यासमोर मसलतीत निघालेलं आहे. त्याच भागात टेबलावर कॉफीचा कागदी पेलाही राहून गेला होता. जग त्यावर हसलं, मला मात्र तो पेला निरुपद्रवी वाटतो. तो संगणकावर पुसता आला.

आता खऱ्याखुऱ्या काळोखाचीही थोडी गोष्ट, आठव्या सीझनमधल्या विन्टरफेलच्या रात्रीच्या लढाईची. पंचावन्न रात्री कडाक्याच्या थंडीत चित्रित झालेला तो भाग पडद्यावर इतका अंधारा होता, की कोण कुणाला मारतंय हेच दिसेना. छायाचित्रकाराने प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंगवर बोट ठेवलं. आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला, अमेरिकेच्या बरोबरीने तो भाग पाहणाऱ्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, तरी काही दिसलं नाही.

मग बक्षिसं दाखवली जातात. शेवटच्या सीझनला 32 एमी नामांकनं होती, 12 पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा धरून. शेवटचा भाग त्या रात्री अमेरिकेत 1 कोटी 93 लाख लोकांनी पाहिला. आकडे खरे आहेत. पण त्याच वर्षी नाट्यमालिकेच्या लेखनाचा एमी ‘सक्सेशन’ला गेला आणि दिग्दर्शनाचा ‘ओझार्क’ला. वेशभूषा, ध्वनी, दृश्यपरिणाम यांविषयी कुणाचं भांडण नव्हतंच. आणि प्रेक्षकसंख्येचं म्हणाल, तर आठ वर्षं चाललेला माणूस शेवटच्या मैलावर परत फिरत नाही. ती ओढ कसली होती याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. ऑगस्ट 2017 मध्ये एक भाग प्रक्षेपणाआधीच भारतातल्या वितरणसाखळीतून फुटला आणि त्यात महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर शाखेने चौघांना अटक केली.

राहिली ती याचिका. आठवा सीझन ‘जाणत्या’ लेखकांकडून पुन्हा करून घ्या, या मागणीवर पंधरा लाखांहून जास्त सह्या झाल्या. सान्साची भूमिका करणाऱ्या सोफी टर्नरने तो कष्ट केलेल्यांचा अपमान मानला. मला तिचं पटतं. बहुमताने पुन्हा लिहून घेतलेली कलाकृती ही कल्पनाच ओंगळ आहे. पण मागणी बावळट होती म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. रुग्णाने चुकीचं औषध मागितलं तरी त्याचा ताप खराच असतो.

आणि हा ताप केवळ चाहत्यांना येतो असंही नाही. 2024 मध्ये याच विश्वातल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेचा दुसरा सीझन सुरू झाला तो एका राजपुत्राच्या खुनाने. मार्टिन यांच्या पुस्तकात मारेकरी आईला विचारतात, दोन मुलांपैकी कोणता मारू? ती धाकट्याचं नाव घेते, ते थोरल्याला मारतात. ज्याचं नाव आपण घेतलं त्याच्या डोळ्यांना डोळा देत तिला पुढे जगावं लागतं. मालिकेत धाकटा मुलगा मेलर गाळला, त्यामुळे तो प्रश्नही गेला, उरलं फक्त पाळण्यातलं खाटीककाम. चाहते कुरकुरले, की प्रसंग जितका काळा हवा तितका झाला नाही. गोड शेवट मागणाऱ्यांची ही तक्रार! सप्टेंबरमध्ये मार्टिन यांनी स्वतः लेख लिहून तेच मांडलं, की एक लहान मूल काढलं तर पुढच्या खंडभर कुणाकुणाच्या मरणाची कारणं निसटतात. तो लेख थोड्याच वेळात काढून टाकण्यात आला. तोवर तो ज्यांच्यापर्यंत पोचायचा त्यांच्यापर्यंत पोचला होता.