खाते परत आले म्हणजे काय काय परत आले?

अधिकारी निवृत्त होतो, त्याचे ई-मेल खाते बंद होते आणि सगळा पत्रव्यवहार बॅकअपमध्ये जाऊन पडतो. पुढे कधीतरी लेखापरीक्षण निघते, खटला उभा राहतो किंवा माहिती अधिकारात अर्ज येतो, आणि ते खाते पुन्हा उभे करावे लागते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे हे खाते कसे परत आणले जाते, हा नागरिकांच्याही हक्काचा प्रश्न आहे.

फायली जागेवर कॉपी केल्या की काम झाले, हा समज मात्र पक्का रुजलेला आहे. तो कुठे चुकतो, ते एका मेल सर्व्हरच्या उदाहरणावरून पाहू.

फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा डव्हकॉट हा मेल सर्व्हर 2002 पासून जगभर वापरात आहे. पत्रांच्या शेजारी तो स्वतःच्या काही फायली ठेवतो: इंडेक्स, त्याचा लॉग, कॅशे, यूआयडी-लिस्ट. बहुतेकांच्या नावाची सुरुवात एकच. मग खाते नीट उघडले नाही की या सगळ्या एका फटक्यात पुसायच्या, अशी सवय पडते. घात होतो तो इथे.

डव्हकॉट पत्रे वेगवेगळ्या पद्धतींनी साठवू शकतो. त्यातल्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते आणि पत्र वाचले की नाही याची खूण फाइलच्या नावातच असते. इंडेक्स आणि कॅशे उडाले तरी सर्व्हर ते पुन्हा बांधतो. यूआयडी-लिस्टचे तसे नाही. ती कचेरीतल्या आवक नोंदवहीसारखी असते. कोणत्या पत्राला कोणता क्रमांक दिला, हे तिथेच लिहिलेले. ती गेली की पत्रांना नवे क्रमांक मिळतात, आपल्याकडची साठवण आता निरुपयोगी आहे असे मेल प्रोग्रॅम धरून चालतो आणि सगळी पत्रे नव्याने उतरवू लागतो. पीओपी पद्धतीने पत्रे उतरवून घेणाऱ्यांकडे तर जुनी पत्रे दुसऱ्यांदा येऊन पडू शकतात.

डव्हकॉटच्याच डीबॉक्स या दुसऱ्या पद्धतीत गणित उलटे आहे. वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे मानले या खुणा तिथे इंडेक्समध्येच राहतात. तो पुसला तर मजकूर उरतो, खुणा जातात. डीबॉक्सच्या एमडीबॉक्स या प्रकारात तर इंडेक्स नव्याने बांधताना काढून टाकलेली पत्रेही परत वर येऊ शकतात. चौकशीसाठी उघडलेल्या खात्यात असे होणे गंभीर आहे.

तारखांचेही तसेच. मेलडिरमध्ये पत्र आल्याची वेळ सर्व्हर फाइलच्या वेळेवरून घेतो. कॉपी करताना ती जपली नाही, तर वर्षानुवर्षांची पत्रे एकाच दिवशी आल्यासारखी दिसतात.

फेब्रुवारी 2011 मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलची काही खाती रिकामी झाली. पत्रांच्या अनेक ऑनलाइन प्रती होत्या, तरी गूगलला ती शेवटी टेपवरून परत आणावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते, तर जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांनी परतीची वाट आधीच चालून पाहायला हवी.

म्हणून सरकारी आणि सहकारी संस्थांनी मेल सेवेच्या करारात दोन अटी घालाव्यात. पहिली, खाते जतन करताना पूर्ण फोल्डर, साठवणीची पद्धत आणि सर्व्हरची आवृत्ती एकत्र नोंदवावी. डव्हकॉट असेल तर क्रमांक आणि खुणा जपणारी त्याचीच बॅकअप आज्ञा वापरावी. दुसरी, दरवर्षी एक जुने खाते वेगळ्या यंत्रावर उभे करावे. पत्रांची संख्या, न वाचलेली पत्रे आणि तारखा मूळ नोंदीशी जुळल्यावरच कंत्राटदाराचे बिल मंजूर व्हावे.