विश्लेषण : पोलिसावर हात उचलणाऱ्याचा पॅरोल आपोआप रद्द व्हावा का? अमेरिकेतील लेकवूड हत्याकांड काय सांगते?

२९ नोव्हेंबर २००९, रविवारची सकाळ. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लेकवूड पोलीस दलाचे चार कर्मचारी ड्युटीआधी एका कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते. मॉरिस क्लेमन्स नावाचा इसम आत आला आणि त्याने चौघांनाही गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी सिएटलमध्ये एका पोलिसाच्या गोळीने तोही ठार झाला. क्लेमन्स अर्कान्सा राज्याचा पॅरोलवरील कैदी होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने पोलिसांवर हल्ला केल्याचा गुन्हाही त्याच्यावर दाखल होता. मग तो बाहेर कसा होता?

तिथला पॅरोल म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात पॅरोल म्हटले की नातेवाईकाचे आजारपण, अंत्यविधी, लग्न यांसाठी मिळालेली सुट्टी आठवते. १९५९ च्या नियमांनुसार मिळणारी ही सुट्टी संपली की कैदी तुरुंगात परततो. अमेरिकेतला पॅरोल वेगळा. तिथे शिक्षेचा उरलेला काळ कैदी घरी राहून, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि अटी पाळून काढतो. अट मोडली की उरलेली शिक्षा भोगायला परत आत. नवा गुन्हा करायचा नाही, ही त्यातली मूलभूत अट. म्हणजे पोलिसाला मारहाण केल्यास पॅरोल रद्द करता येतो का, हा प्रश्नच नाही. तो अधिकार यंत्रणेकडे आधीपासूनच आहे.

क्लेमन्सच्या बाबतीत काय बिनसले?

किशोरवयात केलेल्या दरोडा-घरफोडीसारख्या गुन्ह्यांसाठी त्याला शंभरहून अधिक वर्षांची शिक्षा झाली होती. २००० मध्ये गव्हर्नर माइक हकबी यांनी ती कमी केली आणि पॅरोलचा मार्ग मोकळा झाला. बाहेर आल्यावर पुन्हा दरोडा, पुन्हा तुरुंग, २००४ मध्ये पुन्हा पॅरोल. नंतर तो वॉशिंग्टनमध्ये राहायला गेला. देखरेख वॉशिंग्टनची, पण पॅरोल रद्द करण्याचा अधिकार मात्र अर्कान्साचा.

मे २००९ च्या घटनेनंतर त्याच्यावर बाललैंगिक अत्याचाराचाही गंभीर आरोप ठेवण्यात आला. अर्कान्साने पॅरोलभंगाचे वॉरंट काढले आणि नंतर ते मागे घेतले. वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी यावर आक्षेप नोंदवला, पण उपयोग झाला नाही. त्या काळी वॉशिंग्टनच्या राज्यघटनेनुसार मृत्युदंडाचे गुन्हे वगळता जामीन हा आरोपीचा हक्क होता. त्यामुळे त्याला आत रोखून धरू शकेल अशी एकच गोष्ट होती, पॅरोलचे वॉरंट. तेच उरले नव्हते. जामिनावर सुटल्यानंतर सहाव्या दिवशी कॉफी शॉपमध्ये गोळीबार झाला.

कायदा कमी पडला नव्हता. दोन राज्यांच्या कार्यालयांमधला एक कागद मागे घेतला गेला होता.

मग ‘आपोआप रद्द’ करण्याला हरकत काय?

अशा घटनांनंतर मागणी होते ती पोलिसाने तक्रार केली की थेट तुरुंगात, सुनावणी वगैरे काही नको, अशी. ती भावना समजण्यासारखी आहे. रात्री अनोळखी दारावर जाणाऱ्या पोलिसाच्या जिवाची किंमत कागदावरच्या प्रक्रियेपेक्षा मोठीच. पण अशा प्रकरणांत तक्रारदार, साक्षीदार आणि अटक करणारा हे तिघेही बरेचदा एकच असतात. त्याच्या एका अहवालावर एखाद्याला काही वर्षांसाठी आत टाकायचे असेल, तर तो अहवाल दुसऱ्या कोणीतरी वाचायला हवा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मॉरिसी विरुद्ध ब्रुअर खटल्यात नेमके हेच सांगितले. आयोवा राज्यातील दोघांचा पॅरोल पॅरोल अधिकाऱ्यांच्या अहवालांवरून, सुनावणी न घेताच रद्द झाला होता. न्यायालयाने दोन टप्पे घालून दिले. आधी प्रकरणाशी थेट संबंध नसलेल्या व्यक्तीकडून तातडीची प्राथमिक चौकशी, मग लेखी आरोप, पुरावे आणि बाजू मांडण्याची संधी देणारी अंतिम सुनावणी. फौजदारी खटल्याइतका कठोर पुरावा इथे लागत नाही. महत्त्वाचे म्हणजे प्राथमिक चौकशीत आरोपात तथ्य दिसले, तर अंतिम निर्णयापर्यंत त्या व्यक्तीला कोठडीत ठेवता येते. या सुनावणीला दोन महिन्यांपर्यंत वेळ लागणे न्यायालयाला अवाजवी वाटले नाही. म्हणजे ‘हक्क की सुरक्षा’ ही ओढाताण इथे बरीचशी कृत्रिम आहे. आधी ताब्यात घ्या, मग ऐका, ही सोय ५० हून अधिक वर्षांपासून आहे.

धमकीचे काय?

इथे गोष्ट अवघड होते. मारहाणीच्या खुणा असतात, डॉक्टरचा दाखला असतो. ‘बघून घेतो तुला’ या वाक्याचा दाखला कुठून आणणार? बेड्या घालताना संतापून दिलेली शिवी आणि पोलिसाच्या घराचा पत्ता शोधून पाठवलेला मेसेज यांना एकाच तराजूत तोलणे चुकीचे. पोलिसाशी नुसती शाब्दिक हुज्जत घालणे हा गुन्हा ठरू शकत नाही, असे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या ह्यूस्टन शहर विरुद्ध हिल प्रकरणात म्हटले आहे. बॉडी कॅमेऱ्याचे फुटेज इथे दोन्ही बाजूंच्या उपयोगाचे. खरी धमकी असेल तर तीही त्यात रेकॉर्ड होते. असे फुटेज उपलब्ध असेल तर ते पॅरोलच्या सुनावणीत मांडणे सक्तीचे करायला हवे.

आपल्याकडेही याची सावली दिसते. फर्लो-पॅरोलच्या अर्जावर स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ एवढ्याच मोघम शेऱ्यावर नाकारलेली रजा मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा मंजूर केली आहे. धोका आहे म्हणता, तर तो कशावरून ते लिहा, एवढीच न्यायालयाची अपेक्षा.

पुढे काय बदलले?

नोव्हेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने राज्यघटनादुरुस्ती मंजूर केली. जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात आरोपी हिंसक असल्याचे ठोस पुरावे असतील, तर न्यायाधीशांना आता जामीन नाकारता येतो. या दुरुस्तीची व्याप्ती वॉशिंग्टनच्या न्यायालयांपुरती आहे. पॅरोलचे वॉरंट काढायचे की मागे घ्यायचे, हा निर्णय त्यात येत नाही.