कायद्याचे इंग्रजी आणि आपला विद्यार्थी

वाचकहो, घरातील मुलगा अथवा मुलगी कायद्याच्या महाविद्यालयात जावयास निघाली, की वडीलधारी माणसे प्रथम विचारतात, "इंग्रजी झेपेल ना?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचा रोख बहुधा चुकतो. अस्खलित इंग्रजी बोलणे निराळे आणि कायद्याचे इंग्रजी समजणे निराळे. इंग्रजी शाळेतून आलेला विद्यार्थीही या दुसऱ्या परीक्षेत अडखळतो, आणि खेड्यातील मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी, नीट मार्गदर्शन लाभल्यास, ती उत्तम रीतीने पार पाडतो.

ही भाषा टाळता मात्र येत नाही. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालावयाचे आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार येथील उच्च न्यायालयांत हिंदीच्या वापरास मुभा मिळाली आहे. उलटपक्षी, खालच्या न्यायालयांत राज्याची भाषा चालते. महाराष्ट्रात ती मराठी होय. म्हणजे वकिलाला जन्मभर दोन काठांमध्ये नाव हाकावी लागते.

अडचण कठीण शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांतच अधिक असते. 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार, असे नवा विद्यार्थी सहज लिहून जातो. कराराच्या कायद्यात त्याचा अर्थ 'प्रतिफल', म्हणजे वचनाच्या मोबदल्यात दिले-घेतलेले काही. 'एक्झिक्यूशन' म्हटले की त्याला फाशी आठवते. दिवाणी न्यायालयात तो शब्द हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी योजतात, आणि दस्तऐवजाच्या बाबतीत सही करून तो पुरा करण्यासाठी.

कधी एका प्रत्ययाने माणसाचे नशीब पालटते. 'व्हॉइड' करार मुळातच शून्य असतो. 'व्हॉइडेबल' करार मात्र ज्याच्यावर अन्याय झाला तो पक्ष रद्द करवून घेईपर्यंत उभा राहतो. धाकदपटशाने सही घेतली असेल, तर करार दुसऱ्या प्रकारचा. अज्ञान मुलाने केलेला करार मात्र पहिल्या प्रकारचा, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात ठरविले. कर्ज देणाऱ्याचे गहाणखत त्यामुळे निरुपयोगी ठरले.

'मे' आणि 'शॅल' यांचेही तसेच. न्यायालय एखादी गोष्ट गृहीत 'धरू शकेल' असे कायदा म्हणतो, तेव्हा ते पुरावाही मागू शकते. गृहीत 'धरील' असे म्हणतो, तेव्हा ती गोष्ट खोटी ठरेपर्यंत सिद्धच मानावी लागते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हा भेद, १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

मग हे शिकवावे कसे? शब्दांच्या याद्या पाठ करवून नव्हे. प्रथम कलमाचे लांबलचक वाक्य फोडावयास शिकवावे: कर्तव्य कोणाचे, कोणते, कोणत्या अटीवर, आणि परंतुकाने काय वगळले? 'नॉटविथस्टँडिंग'ने आरंभ होणारे कलम इतर तरतुदींवर मात करते, तर 'सब्जेक्ट टू' म्हणणारे कलम स्वतः त्यांच्यापुढे नमते, एवढे उमगले तरी निम्मे धुके विरते. आपल्या जुन्या कायद्यांत कलमांखाली दिलेली उदाहरणे तर नवशिक्यासाठी उत्तम वाचनपाठच होत. 'अ'ने 'ब'ला पत्राने घर विकण्याचा प्रस्ताव केला. पत्र 'ब'च्या हाती पडले म्हणजे प्रस्ताव कळविणे पुरे झाले. वाक्ये लहान, आणि सिद्धान्त मोठा!

त्यानंतर तेच कलम विद्यार्थ्याने मातृभाषेत सांगावे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश यासाठी जवळ असावा. परंतु कोशातील शब्द लिहून थांबू नये. 'प्रतिफल' हा शब्द लिहिणारा विद्यार्थी तो आपल्या आजीला समजावून देऊ शकतो काय, हीच खरी कसोटी.

कारण अखेर हा प्रश्न गुणांचा नाही. प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठविणारी बाई ज्या कागदाला आपले सत्य म्हणून मान्यता देते, तो तिला वाचता येत नाही. "वाचून दाखविले, समजावून सांगितले" हे शब्द त्याखाली लिहिले जातात. ते खरे असावेत की केवळ शिक्क्यापुरते, हे तिच्या वकिलाच्या दोन्ही भाषांवरील प्रभुत्वावर आणि त्याच्या सचोटीवर अवलंबून असते.

यास्तव, पालकहो, आपल्या मुलास "इंग्रजी बोलता येते का?" असे विचारू नका. संध्याकाळी त्याला जवळ बसवून म्हणा, "आज वाचलेले एक कलम आम्हांला मराठीत सांग बरे." त्याला ते सांगता आले, तर त्याचे इंग्रजी योग्य मार्गाला लागले असे खुशाल समजा.